विनंती अर्ज, दहापैकी सहा

गेल्या वर्षी माझ्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलीला वडिलांचा मृतदेह शवागारातून सोडवायचा होता. पण त्यासाठी तिच्या आईने एका खोट्या कागदावर सही करावी, हे तिला मंजूर नव्हतं. तिने अर्ज लिहिला आणि मला तपासायला पाठवला. मी तो गृहपाठ समजून तपासला, दहापैकी सहा गुण दिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी उगाच माझी बाजू घ्यायला नको.

नवऱ्याची नोकरी सौदीच्या पश्चिम किनाऱ्यावर, थुवालला, म्हणून मीही इथे. खिडकीतून समुद्र दिसतो, पण दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. एका भारतीय शाळेच्या वरच्या वर्गांना मी घरून इंग्रजी साहित्य शिकवते. मुलं पार दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावर. कॅमेरा कोणी म्हणजे कोणी लावत नाही. पडद्यावर नुसते काळे चौकोन, आणि त्यांच्यापुढे मी घसा फोडून हजारो वर्षांपूर्वीची नाटकं वाचते. समजलं का विचारलं की एखाद्या चौकोनातून अंगठा वर येतो. कधीकधी वाटतं, भिंतीला शिकवलं असतं तर निदान तिने अंगठा तरी दाखवला नसता.

ती मुलगी लक्षात राहिली ती माझ्याच वेंधळेपणामुळे. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि मी नवऱ्यावर ओरडले, "आमटी करपलीय, नाक आहे की नुसतं शोभेला ठेवलंय?" साऱ्या वर्गाने ऐकलं, कळलं एकीलाच. तिने मला खासगीत लिहिलं, "मॅम, आम्ही रत्नागिरीकडचे. माझी मां पण अब्बांना असंच बोलते." तेव्हापासून ती माझी लाडकी. वडील कुठल्याशा ठेकेदाराकडे वेल्डर होते, आई घरीच. आईला ना इंग्रजी येत होतं ना अरबी, त्यामुळे घरातले सगळे कागद ही पोरगीच वाचायची.

त्या महिन्यात आम्ही एक जुनी शोकांतिका वाचत होतो. त्यातला राजा युद्धात मेलेल्या एकाला माती द्यायला बंदी घालतो आणि घरची माणसं तडफडतात. मी गृहपाठ दिला: मृताच्या घरच्यांतर्फे राजाला विनंती अर्ज लिहा आणि पोर्टलवर टाका. अर्ज म्हणजे माझा जीव की प्राण. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. वरच्याला मान द्यायचा, तक्रार करायची नाही, अट तर घालायचीच नाही आणि शेवटी आगाऊ आभार मानायचे, हे त्यांनी मला लहानपणीच घोटून घोटून शिकवलेलं. तेच मी वर्गाला शिकवलं. वर ठणकावून सांगितलं, "अर्ज हा पदरात पाडून घेण्यासाठी असतो, भांडण्यासाठी नाही."

तिचा अर्ज सगळ्यांत आधी आला. सोबत निरोप होता, "मॅम, प्लीज प्रत्येक ओळ नीट बघा. तुम्ही सांगाल तसंच करीन." मला वाटलं, मार्कांची हाव.

अर्जात तिने राजाला लिहिलं होतं की, माझ्या वडिलांना तुमच्या माणसांनी विषारी हवेच्या विहिरीत उतरवलं, तोंडाला बांधायला फडकंही दिलं नाही. आता तुम्ही म्हणता, त्यांचं हृदय आपोआप थांबलं असं लिहून द्या, मगच मृतदेह देऊ. ते नऊ दिवस थंड खोलीत पडून आहेत. आम्हाला ते परत द्या, पण आम्ही खोटं लिहून देणार नाही.

मी पडद्यावरची लाल शाई काढली. विहिरीच्या बाजूला लिहिलं, "नाटकात विहीर नाही. मूळ पाठ वाचा." थंड खोलीशेजारी लिहिलं, "तेव्हा फ्रीज होते का?" पुढे एक हसरा चेहरा. शेवटचं वाक्य पूर्ण खोडलं आणि समासात लिहिलं, "राजाला अट घालू नये. आधी मृतदेह महत्त्वाचा, बाकीचं सोडून द्या. नम्र व्हा." खाली तिच्यासाठी एक नमुनाही लिहून दिला, आभारासकट. लाडकी ना, म्हणून जास्तीची मेहनत.

नंतर ती आठवडाभर वर्गात आलीच नाही. मी हजेरीत गैरहजर मांडत राहिले. एवढी हुशार पोर सहा मार्कांवर रुसून बसली, असं नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. आधी कधी आला नव्हता. तिने सगळं सरळ सांगितलं, रडली नाही. अब्बा टाकीत उतरले होते, मास्क दिला नव्हता. कंपनीच्या ऑफिसातला साहेब रोज तोच कागद पुढे करायचा: हृदयविकाराने मृत्यू, आमची काही तक्रार नाही. आई सही करायला तयार होती, हीच नको म्हणत होती. शेवटी तिने माझा नमुना जसाच्या तसा उतरवून काढला, फक्त राजाच्या जागी कंपनीचं नाव घातलं. साहेबाने वाचला, छान लिहिलंय म्हणाला आणि पुन्हा तोच कागद पुढे केला. या वेळी आईला तिने अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी अब्बांना माती मिळाली.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अगं, पण मला सांगितलं का नाहीस? मला कुठे माहीत होतं?"

ती हळूच म्हणाली, "मॅम, तुम्ही ते वाक्य खोडलंत ना. बाकीचं सोडून द्या असं लिहिलंत. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. पोर्टलवर उघड लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही पण नाटकातलंच बोलताय. मला वाटलं, तुम्ही सांगताय की सही करून टाका."

मी काही बोलायच्या आत तिने फोन आईला दिला. त्या बाईचा आवाज बसलेला होता. म्हणाल्या, "टीचर, तुमचे लय उपकार झाले. पोरगी ऐकत नव्हती माझं. तुम्ही समजावलंत म्हणून ऐकलं."

खरं सांगायची ती वेळ होती. शेजारी पोर उभी होती, ऐकत होती. मी म्हणाले, "अहो, असू दे. त्यात काय एवढं."