उसना गोवर

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सिंगापुरातल्या सेम्बावांगचे रहिवासी, मालवाहू जहाजावरचे चीफ इंजिनिअर, वय बावन्न, डोक्यावरचे केस बेताचे, यांना गोवर झालेला आहे.

डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हसलो. सोमवारची दुपार होती. सकाळी कानामागून पुरळ उठलं होतं आणि ताप उतरत नव्हता. बाईंनी तोंडात टॉर्च मारला, गालाच्या आतून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोप्लिक स्पॉट्स." म्हणजे मिठाचे दाणे सांडल्यासारखे पांढरे ठिपके. ते गोवरातच दिसतात. खात्रीसाठी रक्ताची आयजीएम टेस्ट होते. नुकतीच लागण झाली असेल तर ती सांगते.

"शक्य नाही," मी म्हणालो. "मला लहानपणी होऊन गेलाय." आणि मी माझी गोवराची गोष्ट सुरू केली. गुहागरचं घर, कडुलिंबाच्या पाल्यावर अंथरलेलं धोतर, वाटीतून मिळणारी खीर. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलोय, खाजवण्याच्या अभिनयासकट.

बाईंनी सगळी ऐकून घेतली. मग विचारलं, "हे कुठे लिहिलेलं आहे?"

कुठेच नव्हतं.

"गेल्या चार दिवसांत कुणाकुणाला भेटलात, अंकल? पुरळ येण्याआधी चार दिवसांपासून हा पसरतो."

तिथे माझं हसू संपलं. शनिवारी दुपारी मी जहाजावरून घरी आलो होतो. लेक केतकी पासिर रिसहून बाळाला घेऊन आली होती. रेवा सात महिन्यांची. सर्दी एसीची आहे असं म्हणत मी तिला दोन तास मांडीवर घेऊन बसलो होतो. तिची गोवराची लस वर्षाची झाल्यावर होती.

"बहात्तर तासांच्या आत लस दिली तर बहुतेक वेळा आजार टळतो," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस होऊन गेलेत. लेकीचा नंबर द्या."

त्या संध्याकाळी रेवाला लस टोचली. बाईंनी केतकीला बजावलं, हा डोस हिशेबात धरायचा नाही, वर्षाची झाल्यावर नेहमीचे पुन्हा द्यायचे. आणि एकवीस दिवस वाट पाहायची. गोवर उठायला तेवढा वेळ लागू शकतो.

मला निगेटिव्ह प्रेशर रूममध्ये ठेवलं. म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जाते, आतली बाहेर पॅसेजमध्ये जात नाही. मी इंजिनिअर माणूस, दारावरचा प्रेशर गेज पाहून ताप विसरलो. नर्सला विचारलं, तासाला किती वेळा हवा बदलते? ती म्हणाली, "अंकल, यू स्लीप लाह."

पण झोप कुठली? आजार आला कुठून, हे मला बारा दिवस मागे जाऊन दिसत होतं.

आम्ही एका युद्धाने पोखरलेल्या देशात मदतीचा माल उतरवला होता. त्यात दोन थंड कंटेनर होते. आत काय, तर गोवराची लस. अकरा दिवस मी त्यांचं तापमान दर चार तासांनी लॉगबुकात लिहीत होतो. दोन ते आठ डिग्री. घरी लेकीला द्यायचो तोच दम खलाशांना देत होतो, "लॉगमध्ये नसेल तर ते झालेलंच नाही." दोन्ही बाजूंनी चार दिवस बंदुका खाली ठेवल्या होत्या, तेवढ्यात मुलांना टोचायचं होतं. बंदरातली वीज गेलेली, म्हणून मी जनरेटर जोडायला खाली उतरलो.

गोदामासमोर बायकांची रांग होती. एकीने आपलं तापलेलं मूल माझ्या हातात दिलं आणि पोलक्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. तिथली नर्स मला म्हणाली, हिचं घर गेलं, कार्ड राहिलं. पहिल्या डोसचा शिक्का होता. दुसऱ्याचा चौकोन दोन वर्षं रिकामा. कार्ड पाहून झाल्यावर नर्सने मुलाला हात लावला आणि ताप असलेल्यांच्या बाजूला बसवलं.

संध्याकाळी उघडलेल्या बाटल्यांत थोडे डोस उरले. सहा तासांत वापरले नाहीत तर फेकावे लागतात, म्हणून नर्सने आम्हालाही विचारलं. बाकी सगळ्यांनी बाह्या वर केल्या. मी गोष्ट सांगितली. अभिनयासकट. नर्स पोट धरून हसली आणि पुढच्याकडे वळली.

आयजीएम पॉझिटिव्ह आली तेव्हा मी गुहागरला दादाला फोन लावला. माझा थोरला भाऊ.

"दादा, मला गोवर कधी झाला होता रे?"

"तुला?" दादा म्हणाला. "मला झाला होता. तुला तीन आठवडे चिपळूणला मावशीकडे धाडलं होतं. परत आलास तेव्हा खिरीवरून केवढा थयथयाट केलास."

ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की ते पुरळ मला अंगावर आठवत होतं.

केतकीला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, लॉगमध्ये नसेल तर झालं नाही ना?" मग पाच दिवस माझे फोन घेतले नाहीत. रोज सकाळी रेवाच्या पोटाचा फोटो मात्र पाठवायची, खाली एक शब्द नाही. मी तो मोठा करून इंच इंच तपासायचो. नवव्या दिवशी तिला थोडा ताप आला. लसीनेही येतो, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. तोवर मी घरी आलो होतो, तरी हॉस्पिटलातून आणलेल्या माझ्या कपड्यांच्या पिशव्या उगाच दोनदा उघडल्या, दोनदा बांधल्या.

तुमच्या घरात कुणी "मला होऊन गेलंय" म्हणत असेल तर त्याच्याकडे कागद मागा. गोष्ट कितीही रंगत असली तरी मागा. त्या बाईने सगळं सोडून कार्ड का उचललं, हे मला आता कळतं. तिच्या मुलाचा दुसरा चौकोन भरला का, हे मात्र मला कधीच कळणार नाही. मी रोज त्याचा विचार करतो.

एकविसाव्या दिवशी केतकीने व्हिडिओ कॉल लावला. गुहागरहून आई आणि दादाही होते. तिने रेवाचं झबलं वर केलं. पोट स्वच्छ. रेवाने पाय तोंडात घातला. आईने पदर डोळ्यांना लावला, आणि केतकी तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

तेवढ्यात दादाच्या तोंडून निघून गेलं, "आता तुला स्वतःचा झालाय ना, मग माझा परत दे."