सुमनबाईंची अर्धी तक्रार

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लगेच बोलायला बसलो.

आपली कॅसेट आज टपालाने परत आली. एकच कॅसेट टपालाने फिरवून, तिच्यावर आपापलं बोलणं भरून पुढे पाठवणारी आपण सात अंध माणसं. आपल्या मंडळात काय कमी आहे ते मोकळेपणाने सांगा, असं मी या फेरीत सगळ्यांना विचारलं होतं. पूर्णा, चुडावा, सगळीकडून तक्रारी आल्या. कुणाला मशीनचं हेड पुसायला शिकायचं होतं, कुणाला माझा खोकला नको होता.

शेवटी गंगाखेडच्या सुमनबाई बोलल्या. "काका, राग धरू नका. माझं एक ऐका, न्हाई तर मी मंडळातून नाव काढून घेते. मला..."

आणि खट्‌! पुढे काहीच नाही.

मी घाबरलो. कॅसेट उलटीसुलटी करून चारदा लावली, मशीनवर थापा मारल्या. आतून बायको ओरडली, "अवो, त्याला कशाला बडवायलाव? कॅसेट सरली! तक्रारी सांगा म्हणायलाच तुमी पंधरा मिनिटं घेतली."

मागच्या फेरीतही बाईंचं बोलणं असंच तुटलं होतं. तेव्हा मी मशीनला दोष दिला होता. कॅसेट त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ही नवी कॅसेट आधी गंगाखेडला पाठवतो. बाकीच्यांनी उशीर झाला म्हणून रागावू नये.

सुमनबाई, मी इथंच थांबतो. पुढे सगळी कोरी आहे. तुम्हाला काय सांगायचं होतं?