साडेसात मजूर

अख्ख्या पुणे जिल्ह्यात सर्वांत मोठी बागायत कोणाची, असं मला कोणी विचारलं तर मी बेधडक माझ्या एका विद्यार्थ्याकडे बोट दाखवीन. फरक इतकाच, की ती जमीन सातबाऱ्यावर नव्हती, त्याच्या जिभेवर होती. बारामतीत पोलीस भरतीच्या क्लासमध्ये मी गणित शिकवते. हा गडी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गॉगल डोक्यावर चढवून आला आणि मी नाव विचारायच्या आत म्हणाला, "आमी बावड्याचे. बावीस एकर ऊस हाय." आठवड्याभरात बावीसचे तीस झाले, गणपती उठेपर्यंत चाळीस. ऊस वाढतो हे ठाऊक होतं, पण जमीनच वाढताना मी पहिल्यांदा पाहत होते. मग आम्ही सगळे त्याला बागायतदार म्हणू लागलो, आणि ही थट्टा आहे हे कळत असूनही तो मोठ्या रुबाबात 'ओ' द्यायचा.

पुढे वर्गात खरोखरच बावड्याची एक मुलगी आली. तिनं साधाच प्रश्न केला, "बावड्यात कुठं राहता?" झालं! दुसऱ्या दिवशी शेत उठून लासुर्ण्याला गेलं. महिन्याभरात लासुर्ण्याचे दोघे दाखल झाले, तेव्हा ते नरसिंहपूरला सरकलं. तिथं नीरा-भीमेचा संगम, त्यापुढे जिल्हाच संपतो, म्हणून बिचारं तिथं थांबलं. नाहीतर या पोरानं चाळीस एकर उभ्या उसासकट सोलापुरात नेले असते.

उसाचा रस प्यायला सगळी पोरं निघाली की हा नाक मुरडायचा. "घरच्या उसानं जीव विटलाय, मॅडम." पण गाड्याजवळ गेला की राहवायचं नाही. एक कांडं उचलून त्याचं कापलेलं टोक न्याहाळायचा आणि रसवाल्याला सांगायचा, "तीन दिवसांचा हाय. शिळा." रसवाला शिव्या घालायचा, पण ऊस तीन दिवसांचाच निघायचा. मैदानावर सोळाशे मीटरला हा सगळ्यांच्या पुढे. का, तर म्हणे, "शेतावर घोडा हाय, त्याच्या मागं पळायची सवय." घोड्यावर बसायचं सोडून मागं का पळायचा, हे मी विचारलं नाही. एकदा फोनवर मात्र घाईत बोलून गेला, "मी जेवायलोय, मागून करतो." आमच्याकडे 'जेवतूय' म्हणतात. 'जेवायलोय' तिकडचं, बीडकडचं. बावड्याच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी खडूकडे पाहिलं.

असा हा बहाद्दर आदल्या भरतीत लेखी परीक्षेत दोन गुणांनी हुकला होता. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मागे थांबला. गॉगल खिशात होता. "मॅडम, औंदा झालं न्हाय तर घरचे माझं लगीन लावून देणार, आन् शेतीत अडकवणार. मला न्हाय जायचं त्यात." चाळीस एकरांचा रुबाब आवाजात कुठेच नव्हता. मला फार वाईट वाटलं. चाळीस एकरांत अडकायला हा एवढा का घाबरतो, ते मात्र कळेना.

बरं, गणित कच्चं म्हणावं तर तसंही नाही. आगगाडीनं पूल ओलांडायचा असो की नळांनी टाकी भरायची असो, वहीला पेन लावायच्या आत याचं उत्तर तयार. पण गणितात मजूर किती असं विचारलं, की याचं उत्तर बरोबर निम्मं! "पंधरा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर सहा दिवसांत करायला किती मजूर लागतील?" उत्तर वीस. हा म्हणणार दहा. आणि पेपर काढणाऱ्यांची खोडी अशी, की दहा हा पर्याय तिथं हटकून असतो. एकदा मी त्याच्या शेजारी उभी राहिले तर हा पुटपुटत होता, "पंधरा म्हंजी साडेसात..."

"काय रे, साडेसात मजूर?" मी विचारलं. "तो अर्धा कुठला? कमरेखालचा की वरचा?"

वर्ग हसत सुटला. तोही हसला, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मला त्यावेळी माझ्या विनोदाचं भारी कौतुक वाटलं होतं.

ते कौतुक पुढच्याच रविवारी उतरलं. बहिणीकडे इंदापूरला एसटीनं निघाले होते. शेजारच्या सीटवर एक मुकादम बसले होते, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला पुरवणारे. फोनवर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "माझ्याकडं बारा कोयते हायेत, आन् एक अर्धा. अवो, अर्धा म्हंजी एकलाच आलाय, बायको बाळातपणाला गेलीय!"

मी सीटवर ताठच बसले. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. म्हणजे पंधरा मजुरांचे साडेसात! पोरगा सगळा हिशेब कोयत्यांत बिनचूक करत होता, फक्त शेवटी त्याची माणसं करायची राहून जात होती. आणि लग्न लावून 'शेतीत अडकवणार' म्हणजे काय, तेही लख्ख कळलं. अर्ध्याचा पुरा कोयता करणार होते घरचे. आयुष्य या उसाच्या पट्ट्यात काढलं, आणि एवढी गोष्ट मला एसटीत कळली. स्वतःची लाज वाटली.

आता पंचाईत अशी, की चूक दाखवायची तर चाळीस एकर बुडवावे लागणार. दोन दिवस विचार केला. मग त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "हे बघा बागायतदार, तुम्हा मालक लोकांना तोडीची माणसं कोयत्यात मोजायची सवय असते. पण पेपर काढणाऱ्याचा ऊस नसतो. तिथं शेवटी दुप्पट करायचं."

तो बुटांकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "व्हय मॅडम. मालकाला सवय लागतीच." आणि जाता जाता पुन्हा वळून, "आता बेचाळीस एकर झालंय."

निकाल लागला, त्यात याचं नाव होतं. पेढे मीच वाटले. निवड झालेल्या पोरांचा सत्कार ठरला, आई-वडिलांना घेऊन या म्हणून सगळ्यांना सांगितलं. "आमचे न्हाय यायचे, बागायतीची कामं हायेत," हा म्हणाला. मी बरं म्हटलं.

सत्काराच्या दिवशी मात्र हा दोन माणसांना घेऊन दारात उभा. कारखान्याचा हंगाम संपून टोळी बीडला परत निघाली होती, त्यातून दोघं उतरले होते. वर्ग बघत होता. "माझे आई-बाप," तो मोठ्यानं म्हणाला. "ऊस तोडत्यात." आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. बावड्याच्या मुलीनं उठून पाणी दिलं.

वडील हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरगं गणितात कुठं चुकत व्हतं?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "बा, मी माणसं कोयत्यात मोजायचो."

"मग चुकलं कुठं? बराबरच हाय की!"

सगळे हसले, तो सगळ्यांत जास्त. मी समजावलं, की पेपरात बाई असो की बाप्या, प्रत्येक माणूस एकच धरतात. त्याच्या आईनं डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "म्हंजी मला बी पुरी एक धरत्यात?"

"धरतात," मी म्हटलं. त्या नवऱ्याकडे बघून लाजून हसल्या.