सायलसची ताई

सरकारने क्री आदिवासींची पोरं घरातून उचलून दूरच्या निवासी शाळेत कोंबली, तेव्हा हॅरिएट नऊ वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ सायलसही तिथेच आला. जेवणघरात ती दिसताच तो आपल्या भाषेत आनंदाने ओरडला, “ताई!” त्या भाषेला तिथे बंदी होती. छडीवाल्या बाईंनी विचारलं, “हा तुझा कोण?”

“मी नाही ओळखत याला,” मान खाली घालून हॅरिएट म्हणाली.

सायलसने मुकाट्याने मार खाल्ला. त्यानंतर त्याने तिला कधीच ताई म्हटलं नाही. नावानेच हाक मारायचा.

साठी उलटल्यावर एकदा दोघं शिकारीच्या तंबूत रानहंसांची पिसं उपटत बसली होती. हॅरिएटने अखेर धीर केला. “सायलस, त्या दिवशी मी तुला ओळख दाखवली नाही. फार चुकलं रे माझं.”

“कुठल्या दिवशी? मला काही आठवत नाही. हात चालव, नाहीतर उपाशी राहू.”

पण त्याचेच हात थांबले होते. त्याला सगळं आठवतंय, हे तिला कळलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात तो गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, असं ती अजून म्हणते.