चिंध्या मोजणाऱ्या वन्सं

वन्संना जाऊन महिना होत आला. सकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात उस्मानपुऱ्यातून वन्संच्या शेजारणीचा फोन आला, "वहिनी, ताई उठतच नाहीत हो..." आम्ही पोचलो तेव्हा त्या झोपेतच गेलेल्या होत्या. विजयाताई माझ्या नणंद, कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. सगळा जीव आमच्या लेकीवर, मुक्तावर.

मुक्ताला अकरावीत डायबेटिस निघाला आणि रोजचं इन्सुलिन मागं लागलं. पुढं डॉक्टरांनी सी-पेप्टाइड नावाची तपासणी सांगितली. रिपोर्टात आकडा एकदम कमी! शुगर कमी आली की खूश व्हायची आम्हाला सवय. हे लगेच गुलमंडीतून पेढे घेऊन आले. पाचोडचे चुलतसासरे आलेले होते. म्हणाले, "उतरली बघा! आता सुई बंद करा, लई टोचलं पोरीला." आम्हालाही तेच हवं होतं. संध्याकाळचा डोस द्यायचा नाही, असं ठरलंसुद्धा.

तेवढ्यात वन्सं आल्या. रिपोर्ट वाचला आणि हातातला पेढा तसाच खाली ठेवला. "अरे, हे उलटं असतंय! हा आकडा कमी म्हणजे वाईट."

कुणाला काही कळेना. मग वन्संनी माझ्याकडून जुना ब्लाऊजपीस मागून घेतला आणि त्याची एक लांब पट्टी फाडली. "शरीर आधी अशी अख्खी पट्टी बनवतं. मग तिची घडी घालून दोन टाके मारतं, आणि मधला तुकडा कापून काढतं. टाक्यांनी जोडलेलं उरतं ते इन्सुलिन. कापलेली चिंधी म्हणजे सी-पेप्टाइड."

"आधीच दोन तुकडे केले तर?" मुक्तानं विचारलं.

"मग टाके नेमके जागेवर बसत नाहीत, बाळा. आणि ही चिंधीही रक्तात येते. जितकं इन्सुलिन, तितक्या चिंध्या. सुईतलं इन्सुलिन रेडिमेड, त्याची चिंधी पडत नाही. म्हणून डॉक्टर चिंध्या मोजतात."

"म्हणजे माझं दुकान बंद?"

"बंद होत चाललंय. म्हणून बाहेरचं रोज आणायचं. ते थांबवलं तर जिवावर बेतेल."

मला असा संताप आला! पोरीच्या तोंडावर बोलायचं असतं का हे? पण त्या संध्याकाळी मुक्तानं सुई स्वतःच्या हातानं घेतली. खरं सांगते, त्या दिवशी घरात सगळी गोड बोलणारीच असती, तर पोर हाताला लागली नसती.

परवा त्यांचा फ्लॅट आवरायला गेलो. चुलतसासरेही होते, जेवणाचा डबा उघडताना पुटपुटले, "आता एक दिवस नाय टोचलं तर कोण रागावतंय..." मुक्तानं फ्रिज उघडला. तो अजून चालूच होता, त्याच्या दारात वन्संनी तिच्यासाठी आणून ठेवलेलं नवं इन्सुलिन. तिचं इंजेक्शन झाल्याशिवाय वन्सं घास तोंडात घालत नसत. मुक्तानं ते घेतलं, पोटाला टोचलं, आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघून म्हणाली, "झालं गं आत्या. जेव आता."