शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

कापडाच्या पाचमजली गोदामात मालाची लिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला सगळे गुडमास्तर म्हणत. रोज सकाळी तो दरवाजे, ब्रेक आणि तारेचा दोर तपासायचा, हाताचं ग्रीस रॉकेलने काढायचा आणि रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: गुड. विमेवाल्यांना शेरा इंग्रजीत लागे, आणि मास्तरचं इंग्रजी तिथेच सुरू होऊन तिथेच संपे. काही बिघडलं तर तो हेडक्लार्क नानाला तोंडी सांगायचा. नाना कागद करायचा, सामान यायचं. बावीस वर्षं असंच सुरळीत चाललं होतं.

मग नवा मॅनेजर आला. वयाने मास्तरच्या मुलाएवढा. त्याने सगळ्यांसमोर रजिस्टर उघडलं. "रोज गुड? माणसाची तब्येतसुद्धा रोज गुड नसते. दुसरा शब्द येत नाही का रे तुला?"

तो 'रे' मास्तरला झोंबला. दुपारी जेवून झाल्यावर तो नानाच्या टेबलापाशी गेला. "नाना, गुडसारखे आणखी शब्द दे की."

नानाने चिठ्ठीवर लिहून दिले. "फाइन म्हणजे ठीक. नाइस म्हणजे छान, पण मशीनला नाइस म्हणत नाहीत. एक्सलंट म्हणजे उत्तम."

"आणि त्याच्याही वरचा?"

नानाने टायपिस्टकडे पाहिलं. टायपिस्टने हसू लपवायला ड्रॉवरमध्ये डोकं घातलं. "त्याच्याही वरचा टेरिबल," नाना गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मोठे लोकच वापरतात."

दुसऱ्या दिवशी मास्तरने लिफ्टला टेरिबल लिहिलं. मॅनेजर इतका हसला की त्याला ठसका लागला. "शाबास!" म्हणत त्याने खाली सही ठोकली. मास्तर खूश झाला. तेव्हापासून ऑफिसला रोजची करमणूक मिळाली. चहा कसा, मास्तर? टेरिबल! साहेबांचा शर्ट? टेरिबल! पोट धरधरून हसत लोक, आणि मास्तरला वाटे, आपण आता सगळ्यांना हवेसे झालो.

त्याची मुलगी बँकेत होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं ठरत होतं, म्हणून त्याचे आईवडील घरी आले. शिकलेली माणसं. मास्तरने इस्त्रीचा सदरा घातला आणि चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाला, "मुलगी आमची टेरिबल आहे. एकदम टेरिबल." पाहुणे गोंधळले, मग हसले. त्याला चेव आला. "तुमचा मुलगाही टेरिबलच!"

पाहुणे गेल्यावर मुलीने दार लावून घेतलं. "बाबा, टेरिबल म्हणजे भयंकर. भिकार. कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

मास्तर रिकामे कप गोळा करू लागला.

"माझ्यावर एक उपकार करा," ती म्हणाली. "लग्नात तोंड उघडू नका."

त्याने उघडलं नाही. लग्नात तो मागच्या रांगेत बसला, आणि विहीण बोलायला आली तेव्हा नुसती मान हलवली.

ऑफिसात मात्र त्याने काहीच कळू दिलं नाही. चहा विचारला की टेरिबल म्हणायचा. फक्त आता हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहायचा.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी एका सकाळी दोराच्या पाच तारा तुटलेल्या दिसल्या. त्याने आपल्या मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लिहिली, 'दोर ताबडतोब बदला', आणि ऑफिसात गेला. नानाने दारातच हात पसरले. "या, या! आले आमचे टेरिबल मास्तर!" सगळं ऑफिस हसलं. टायपिस्टने टेबल वाजवलं.

मास्तरने चिठ्ठी खिशातच ठेवली. रजिस्टर उघडून त्याने रोजचा शब्द लिहिला. मॅनेजरने न वाचता सही केली.

असे नऊ दिवस गेले. तुटक्या तारा वाढत गेल्या. लिफ्टवर 'फक्त मालासाठी' अशी पाटी होती. पण नानाचे गुडघे धरत, म्हणून तो लिफ्टनेच उतरे. हे मास्तरला ठाऊक होतं. नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून दोर तुटून लिफ्ट कोसळली तेव्हा आत कापडाच्या सहा गाठी होत्या आणि नाना होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीचा अधिकारी रजिस्टर चाळत राहिला. "हा माणूस पाच महिने रोज लिहितोय, लिफ्ट भयंकर आहे. खाली सही तुमची."

"साहेब, ती गंमत होती," मॅनेजर म्हणाला.

"कसली गंमत?"

मॅनेजर आपल्याच सह्या उलटून पाहू लागला. अधिकारी मास्तरकडे वळला. "या शब्दाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?"

"हो, साहेब."

मॅनेजरची नोकरी गेली. मास्तरची पाठ थोपटली गेली.

तो दवाखान्यात गेला तेव्हा नाना जागा होता. "तुला खरा अर्थ कळला होता?"

"मुलीने सांगितला."

"कधी?"

"लग्नाआधी. दोनेक महिने झाले."

नानाने चादर पायावर ओढून घेतली. "एकदा तोंडाने सांगायचंस ना रे."

"सांगायलाच आलो होतो."

नानाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. त्यामुळे नाना घरी आल्यावर त्या माउलीने मास्तरलाच निरोप धाडला: भाऊजी, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून द्याल का? तुमच्याइतका भरवशाचा माणूस नाही.

मास्तर ड्रिल घेऊन गेला. नाना खुर्चीत बसून पाहत होता. स्क्रू आवळून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "बसला का पक्का?"

मास्तरने दोन्ही हातांनी दांडा ओढून पाहिला. "बसला."

"पुन्हा ओढ," नाना म्हणाला.

मास्तरने भिंतीला पाय लावून पुन्हा ओढला.