चिकटपट्टी लावलेली खंजिरी

रिओतल्या इराझा वस्तीच्या गल्लीत जुरांदिरला सगळे ओळखत, आणि तो मोठा वादक आहे असं समजून चालत. त्यानेही तो समज कधी खोडून काढला नाही.

रिओच्या टीव्ही मालिकांत बारमधला प्रसंग आला की मागच्या टेबलाशी सांबा वाजवणारी चार माणसं लागतातच. त्यातला पांदेइरोवाला, म्हणजे मोठी खंजिरी वाजवणारा, जुरांदिर. पुढे नायक-नायिका भांडायची, मागे हा मान डोलावत वाजवायचा. फक्त आवाज करायचा नाही. संवादात मिसळू नये म्हणून खंजिरीच्या चकत्यांना चिकटपट्टी लावलेली असे, आणि हात कातड्याच्या बोटभर वरच थांबवायचा असे. खरं वादन मागाहून दुसराच कोणी बसून भरायचा. या मुक्या वाजवण्यात जुरांदिरची उमेदीची सगळी वर्षं गेली.

त्याआधी तो दर रविवारी त्याच्या जुन्या सांबावाल्या मित्राच्या, अदेल्मोच्या, अंगणात वाजवायचा. तिथे बायका फेइजोआदाचं, म्हणजे काळ्या घेवड्याच्या रश्श्याचं, पातेलं चुलीवर तसंच सोडून ऐकायला यायच्या. पण चित्रणाचं बोलावणं रविवारीही येई, आणि खरं सांगायचं तर पडद्यावर दिसायची चटक लागली की अंगण फिकं वाटतं. अदेल्मोने एकदा त्याला रस्त्यात गाठलं.

"काय रे हिरो, हात आहे का अजून, की तोही उसना आणलास?"

जुरांदिर हसला. लागलं त्याला, पण अंगणात काही गेला नाही.

त्याच्या आईची, दोना एर्सिलियाची, नजर गेली तेव्हा मात्र त्याची पंचाईत झाली. आधी ती त्याला पाहायची, आता मालिका लागली की खुर्ची टीव्हीला भिडवून नुसती ऐकायची. शेजारणींना दटावायची, "गप बसा गं, माझा जुरा वाजवतोय." वाजवत असायचा भलताच कोणी. जुरांदिर ताटातला भात चिवडत राहायचा. खरं सांगून टाकावं असं त्याला कितीदा वाटलं, पण जीभ रेटली नाही. एकदा, निदान एकदा तरी तिला टीव्हीतून आपलाच हात ऐकू जावा, एवढीच इच्छा त्याला आतून खाऊ लागली.

मग एक नवी दिग्दर्शिका आली. तिला सगळं खरंखुरं हवं होतं. "उद्याच्या प्रसंगात संवाद नाहीत," ती म्हणाली. "पट्ट्या काढून टाका. तुम्ही वाजवाल तेच जाईल."

त्या संध्याकाळी जुरांदिर आईला म्हणाला, "गुरुवारचा भाग चुकवू नकोस हं."

"मी कधी चुकवलाय?"

"तसं नाही. गुरुवारी नीट ऐक."

दुसऱ्या दिवशी दिवे लागले, गिटार सुरू झाली, जुरांदिरचा हात खाली आला आणि बोटभर वरच थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने जोर लावून मारला तर ताल सुटला. इतक्या वर्षांची सवय हाडात मुरली होती. "राहू द्या दादा, नंतर भरून घेऊ," दिग्दर्शिका म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी तो आईशेजारी बसला. प्रसंग आला, खंजिरी घुमली आणि संपली. आईने खुर्ची टीव्हीपासून मागे सरकवली.

"हा तोच माणूस," ती म्हणाली.

"कोण?"

"नेहमीचा. सफाईदार वाजवतो बिचारा. तुझा अंगठा शेवटी जरा रेंगाळतो, लहानपणापासून. मला काय कळत नाही होय रे?"

"मग त्या शेजारणींना तू..."

"त्यांना काय सांगायचं ते मी बघेन. पण तू गुरुवार म्हणालास, म्हणून आज मी वाट बघत होते."

जुरांदिरला अदेल्मोच्या अंगणातले रविवार आठवले. ते आपण पडद्यावर दिसण्यापायी घालवले. त्याला स्वतःची शरम वाटली.

"तो टीव्ही बंद कर," आई म्हणाली. "आणि मला वाजवून दाखव."

त्याने खुंटीवरची जुनी खंजिरी काढली, तिच्यासमोर बसून मांडीवर टेकवली. त्याचा हात खालीवर होऊ लागला. आईने कान त्याच्याकडे केला. तिचा चेहरा आधीच खुलला होता.

"कर की सुरू," ती म्हणाली.

त्याने केव्हाच सुरू केलं होतं.